एक जानेवारी १९७०

ग्युम्रीच्या वाचनालयात शनिवारी
चौदा खुर्च्या मांडल्या, सहा भरल्या.
टी-शर्ट उरले ते सगळे एक्सएल.
येरेवानच्या पोरांनी प्रोजेक्टर आणला,
वायर विसरले.

मी शिकवणार होते, ॲप कसं बांधायचं.
माझं स्वतःचं एकच. बसच्या वेळांचं.
तीनशे अकरा डाउनलोड,
आणि एक तारा देऊन कुणीतरी लिहिलेलं:
"ॲप छान आहे. बस येत नाही."

मागच्या रांगेत वाराझ्दात आजोबा,
बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात.
त्यांनी फोन पुढे केला:
"बंद पडतंय तुझं ते."

खरंच पडत होतं.
मी लॅपटॉप जोडून ओळी उसवत बसले,
चहा निवला, पोरं लवाश आणि चीजकडे वळली,
आणि मग दिसलं,
बॅटरी काढून घातल्यापासून त्यांच्या फोनमध्ये
एक जानेवारी १९७० होती.

गेल्याच वर्षी मंचावरून मी म्हणाले होते,
"प्रत्येक शक्यता तपासा."
टाळ्याही पडल्या होत्या.
माणसाजवळची वेळच चुकीची असेल
हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही घड्याळजी, आणि तारीख ही अशी?"
"ह्याला किल्ली कुठून देतात
ते सापडलं नाही अजून."

तिथेच दुरुस्ती केली, तारीख तशीच ठेवून.
ॲप उघडलं. पडद्यावर आलं:
आज बस नाही.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"खोटं," म्हणाले.
"तेव्हा दर वीस मिनिटांना यायची."