बास नावाचा मासा

भाच्यानं टेनेसीहून खोकं पाठवलं:
रबरी बेडूक चार, एक पितळी पातं,
हिरव्या विणीचा दोरा, आणि चिठ्ठी.
'मावशी, हे सगळं बास माशासाठी.'

बास! मल्हारगंजातल्या दुकानात
ब्लाउजांच्या गठ्ठ्यामागे एकटीच हसले.
असा कसा मासा,
नाव घेतलं की पंगत उठते?

आमच्या पाण्यात तो नाही.
आमच्याकडे मरळ.
सापाच्या तोंडाची, अंगावर चिखल नेसलेली.
हातोदच्या पुढच्या तळ्यात
शिंगाड्याच्या पानांखालून श्वासाला वर येते,
एक बुडबुडा सोडते, 'ब' एवढाच,
आणि पुढचं अक्षर गिळून खाली जाते.

रीळ मला नवं नाही.
बत्तीस वर्षं रिळावरच जगले.
बॉबिनचा स्क्रू किती पिळायचा
ते माझ्या बोटांना विचारा:
सैल राहिला तर खालून गुंतवळ,
जास्त आवळला तर दोरा तुटतो,
आणि मशीन आपलं चालतच राहतं, रिकामं.
इथेही तेच. फेकताना अंगठा
दोऱ्यावर टेकवायचा, दाबायचा नाही,
सुईखाली जॉर्जेट धरतो तसा.

गाठ आवळण्याआधी जिभेनं ओली करायची.
हे भाचा मला व्हिडिओवर शिकवतो,
त्याला कुणी शिकवलं ते विसरून.
सहा वर्षांचा होता. बांबूची काठी,
वाकवलेली टाचणी, कणकेत हिंग
आणि लसूणशेवेचा चुरा.
बोटाएवढी मासळी लागली
तर तळं डोक्यावर घेतलं त्यानं:
सोड तिला, मावशी, सोड.

बेडकाचे पाय मी कात्रीनं कापले,
डावा अर्धा इंच आखूड.
म्हणजे तो सरळ येत नाही,
नागमोडी येतो, पानावरून पाण्यात,
पाण्यातून पानावर,
उधारी असलेल्या गिऱ्हाइकासारखा.

मग थांबायचं. अवघड ते एवढंच.
पाणी फुटतं, बेडूक नाहीसा होतो,
हात म्हणतो ओढ.
ओढायचं नाही. एक म्हणायचं. दोन म्हणायचं.
दोरा आपसूक ताठ झाला
की मगच कमरेतून मागे.
पहिल्या तिन्ही वेळा मी घाई केली.
तिन्ही वेळा रिकामा बेडूक कानाशेजारून गेला
आणि ट्यूबवर बसून पानांवरची कीड वेचणारा मांगीलाल
तोंड पलीकडे वळवून हसला. भला माणूस.

चौथी लागली. वेलांसकट आली,
पावणेदोन किलो, वरून शिंगाड्याचा पाला वेगळा.
मांगीलालकडे गेली. आमच्या घरी चालत नाही.
काठीसुद्धा पडद्यांच्या दांड्यांत उभी असते,
कुणी विचारत नाही.

त्यालाही सांगून ठेवलं होतं मी
भाच्याच्या माशाचं नाव.
तो तोंडात घोळवायचा: बास, बास.
इकडे आला तर ओळखू, म्हणायचा.

काल भादव्याचं ऊन होतं.
पानांच्या मोकळीत पाणी लाल उकळत होतं,
परातीएवढं.
मरळीची पिल्लं. बडीशेपेएवढी एकेक,
आणि खाली दोघं, आई आणि बाप, पाळीवर.
तिथे बेडूक पडला तर ती धरणारच.
भुकेनं नाही.
'वां फेंको, जीजी, पक्को है.'

अंगठा दोऱ्यावर टेकलेला.
एक म्हटलं.
दोन म्हटलं.
परात थोडी पसरली, थोडी मिटली,
वेलाखाली सरकायला लागली.

'बास,' मी म्हणाले,
आणि बेडूक काठीच्या कडीला अडकवला.

मांगीलाल ट्यूबवर अर्धा उठला,
कपाळावर हात धरून
बघत राहिला पाण्यात,
कुठाय, कुठाय.