मानेवरचा मळ

दर शुक्रवारी नमाजाआधी
अंगणातल्या नळाखाली त्याला वाकवून
मी त्याची मान घासायचे.
आधी नारळाच्या काथ्याने, मग लिंबाच्या फोडीने,
कढईचं बूड घासतात तशी.
तो दातओठ खाऊन म्हणायचा, "माक, पुरे."
चौदा वर्षांचा, माझ्या दुप्पट रुंद.
मी म्हणायचे, मशिदीत मागच्या रांगेतले काय म्हणतील,
यांच्या घरी पाणी येत नाही?
ती काळी, मखमलीसारखी पट्टी
लाल व्हायची, सोलायची,
जायची नाही.

मळ नव्हता तो.

कोता बारूच्या सरकारी दवाखान्यात
थेवराणी नावाच्या नर्सने त्याची कॉलर बाजूला केली,
एकच बोट फिरवलं,
आणि काही न बोलता
रक्ताच्या आणखी दोन नळ्यांवर नाव लिहिलं:
निक झफ्रान. उपाशीपोटी.

मग थंडगार खोली, पोटावर थंडगार जेल.
त्याने शर्ट अर्धाच वर घेतला
आणि श्वास रोखून पोट आत ओढलं.
"सोड रे," तपासणारी बाई म्हणाली, "इथे कुणी बघत नाही."
ती बघत होती. मीही.
पडद्यावर मूत्रपिंड काळसर,
आणि शेजारी यकृत, पांढरं, उजळलेलं,
मी रोज पहाटे तीन वाजता पिळते
त्या नारळाच्या दुधासारखं.

डॉक्टरीण कागदावर बाण काढत राहिली.
साखर दारात उभी. इन्शुलिन कडी वाजवतं.
आतले उठत नाहीत.
(सारखीच वाजणाऱ्या कडीला कोण उठतं?)
मग ते आणखी माणसं पाठवतं, आणखी जोरात,
आणि दाराबाहेर तुंबत जातं सगळं.
तिथून पुढचं मला न सांगता कळलं.
डिसेंबरात नदी घरात शिरते तेव्हा
तांदळाची पोती, शिलाई मशीन, पोरांची दप्तरं
आम्ही माळ्यावर चढवतो.
माळा नाही म्हणत नाही.
वाकतात फक्त वासे.
आमच्याकडे पूर वर्षातून एकदा येतो.
त्याच्या अंगात रोज आला.

"यकृत दुखत नाही," ती म्हणाली,
"म्हणून कळत नाही. पण वय लहान आहे,
माळा अजून रिकामा होईल."

आमच्या बोलीत यकृताला हाती म्हणतात.
मन मोडलं तरी हातीच दुखते.
पुलाच्या वळणावर पाटी आहे, हाती-हाती,
म्हणजे जपून.
वीस वर्षं त्या पाटीखालून मी बाजाराला जाते
अकोकचे डबे घेऊन. अंडी, ताडगूळ, नारळाचं दूध.
फुटलेले विकले जात नाहीत.
फुटलेले त्याचे.
माझ्या हाती दुसरं काय होतं?

त्याचा बाप सिंगापुरात क्रेन चालवतो.
फोनच्या पडद्यावर हसून म्हणाला,
आमच्या घराण्यात सगळेच दणकट.
माझ्या वडिलांची पायाची दोन बोटं कापली
तेव्हा आम्ही त्याला म्हातारपण म्हणालो होतो.
मी बापाला काही बोलले नाही.
चार्जिंग संपलं म्हणाले.

परतताना मोटरसायकलवर तो मागे.
चढावर नेहमीसारखं मागचं चाक बसलं
आणि नेहमीसारखा तो उतरून चालू लागला,
मी न सांगता.
वर पोचल्यावर, धापा टाकत, विचारलं,
"म्हणजे ते घासून जाणारच नव्हतं?"
नाही.
"मी सांगत होतो दुखतंय."

आता फुटलेले अकोक शेजारच्या कोंबड्यांना.
सगळे नाही. एखादा तो खातो, मला दाखवून,
आणि मी दुसरीकडे बघते.
संध्याकाळी नदीच्या बांधावर दिव्यांच्या खांबापर्यंत जातो,
कधी पुढच्या खांबापर्यंत,
कधी जातच नाही.

शुक्रवारी मान त्याची तोच धुतो.
मी नुसती टॉवेल घेऊन उभी असते.
टॉवेल द्यायला हात पुढे केला
की अजून
खांदे वर घेऊन
मान आखडतो.