पानी

सातवी ब. तिसरा बाक, खिडकीकडची बाजू.
रेणुका धोत्रे.
हजेरीला ‘हजर’ म्हणते तेवढंच,
तेही असं, की मी मान वर करून खात्री करून घेते.

प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं :
‘वर्गातील चर्चेत सहभाग नाही.’
शाई वाळायच्या आत आठवला जून.
उठली होती ती एकदा, कुणी न सांगता,
‘बाई, आमच्याकडं पानी...’
आणि मी, सदाशिव पेठेत वाढलेली,
सगळ्यांसमोर जीभ टाळूला लावून दाखवली.
‘पाणी. म्हण बघू. पाणी.’
वर्ग हसला. मीही, थोडीशी.
‘पाणी,’ ती म्हणाली
आणि खाली बसली
ती नोव्हेंबरपर्यंत.

मग माझे उपाय.
चिठ्ठ्या टाकल्या, तिचंच नाव आलं,
तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या बघून
मी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वाचलं.
गट पाडले. तिच्या गटात अथर्व बोलला.
सगळ्या गटांत अथर्वच बोलतो.

काल फळ्यावर प्रश्न होता :
आपल्या घरी पाणी कुठून येतं?
‘खडकवासल्यातून.’
‘नळातून!’ हशा.
मग काहीच नाही.
दत्तवाडीच्या चौकात बस अडकली होती, तिचा हॉर्न.
मी मनात आकडे मोजत राहिले.
सातपर्यंत थांबणं फार जड जातं बाईमाणसाला,
म्हणजे शाळेतल्या बाईला.
उत्तर अगदी दाताशी येऊन बसतं.

अकराला तिनं पेन्सिल खाली ठेवली.

‘पानी...’
माझ्याकडे बघून थांबली.
माझी जीभ टाळूला लागलीच होती.
तिथंच धरून ठेवली.

‘पानी आमच्यात पहाटं तीनला येतं.
आधी पाइप खोकतो. मग मी उठते.
खाली मोटरवाले वढून घेत्यात,
वरच्या गल्लीत चढस्तोवर दमतं ते.
आई म्हणती, पान्याला पन गुडघं असत्यात.’

कुणी हसलं नाही.
‘मग तू झोपतेस कधी?’ मागून कुणीतरी.
‘हितं,’ ती म्हणाली,
आणि पहिली तीच हसली.

मी खडू घेतला, लिहिलं :
पानी. पहाटे तीन. गुडघे.
‘बाई, ण!’ अथर्व.
‘थांब रे,’ म्हटलं,
‘तिचं अजून संपलं नाहीये.’