साहित्य, कृती

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात एकोणतीस वर्षं
मी काचेची भांडी धुतली.
चंबू, नरसाळी, ब्युरेट.
त्यांत काय होतं ते क्वचितच विचारलं.
पण त्या सकाळी प्रयोगशाळेचं दार ढकललं
तर आत बांगड्याचं तिखलं शिजत होतं.

शिजत नव्हतं.
ज्योत्स्ना तांडेलनं, एम.एस्सी. भाग दोन,
तिरफळांची टरफलं कुटून
कागदी टोपीत भरली होती.
मिथेनॉल वाफेनं चढायचं, थेंबथेंब साठायचं,
भरलं की एकदम ओसरायचं,
ओहोटी लागल्यासारखं,
आणि पुन्हा चढायचं.
अठरा तास.
वीज गेलेली धरून बावीस.

झाड त्यांच्या परसातलं.
खोडावर म्हशीच्या सडांसारखे काटे,
चढायला कोणी धजत नाही.
तिच्या आवशीनं, द्वारकेनं, आकडीनं घोस ओढले,
उन्हात पसरले. फळं तडकली.
आतली काळी बी, कोलंबीच्या डोळ्याएवढी,
नखानं काढून फेकली.
ठेवायचं ते टरफल.

सरांनी फळ्यावर नावं लिहिली:
लिमोनीन, सॅबिनीन, आणि शेवटी सॅन्शूल.
म्हणाले, जीभ नुसती बधिर होत नाही, थरथरते;
नसांना वाटतं कुणी स्पर्श करतंय.
मला वाटलं, हे मला माहीत आहे.
इंजिनाच्या होडीत फळीवर हनुवटी टेकली
की दातांत उतरतं, ते.
"नावातच शूल आहे, सर."
सर हसले. जपानीवरून आलाय तो शब्द. योगायोग.

बशीत जंतूंनी साय धरली.
तेलात बुडवलेली टिकली जिथे ठेवली
तिच्याभोवती धरली नाही:
चंद्राला पडतं तसं खळं,
चौदा मिलिमीटर.
ज्योत्स्ना पट्टी घेऊनच बंदरावर पळाली.
द्वारकेनं पट्टी बांगड्याच्या डोळ्यावर धरून पाहिली.
"इतक्यासाठी दोन वर्सां?
माका इचारलं असतंस तर तेव्हाच सांगलं असतंय."
बोलताना तिचा डावा गाल हलत नव्हता.
गालात तिरफळ होतं.
सहा वर्षं होतं.
कळ आली की तिरफळ,
की कळ गप्प.

आश्विनात गाल सुजून डोळा मिटला.
ओरोसच्या इस्पितळात फोटो काढला;
दाढेखालचं हाड
किडीनं पोखरलेल्या होडीच्या फळीसारखं.
इतकी वर्षं दुखलं नाही का, डॉक्टरनं विचारलं.
"दुखाक दिलंय खंय?"

प्रयोगवहीत चार मथळे असतात:
साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.
पहिले दोन माझ्या बायकोच्या वहीतही आहेत.
अनुमानाखाली ज्योत्स्नानं
सगळे लिहितात तेच लिहिलं:
औषधी उपयोगाची शक्यता दिसते,
पुढील संशोधनास वाव आहे.
आणि त्याखाली पेन्सिलीनं:
कळ थांबते. दाढ थांबत नाही.
सर म्हणाले, हे खोड,
ही शास्त्रीय भाषा नव्हे.
खोडरबर माझ्या खणात होता.
मी म्हटलं, सापडत नाही.

द्वारका आता परत टोपलीवर बसते,
दाढ नाही, गाल थोडा आत,
आणि गिऱ्हाइकाला बांगड्याबरोबर
मूठभर तिरफळं फुकट देते,
"तिखल्यात घाल," म्हणते, "तोंडात धरू नको."
गिऱ्हाईक हसतं.

काल आमच्याकडे तिखलं होतं.
सात तिरफळं, ठेचून, सगळ्यात शेवटी.
एक मी दाताखाली धरलं, उजवीकडे,
महिनाभर काहीतरी ठसठसतंय तिथे.
होडी सुरू झाली.
किनारा मागे गेला.
मग उठलो, मोरीत थुंकलो,
आणि घड्याळ समोर घेऊन बसलो.
ठसठस परत यायला
नऊ मिनिटं लागली.