वेला

आमच्याकडे स्पार्क प्लगला वेला म्हणतात.
मेणबत्तीलाही वेला, शिडालाही वेला.
नाव एक, चाकरी तीन घरची.
म्हणून नदीकाठच्या दुकानात ओस्मारीनु विचारतो,
‘कुठली देऊ? इंजिनाची, की मेलेल्यांची?’

त्या दिवशी नोव्हेंबरची दोन तारीख, मेलेल्यांचा दिवस.
सासूबाईंनी मुठीतले पैसे मोजले
आणि मीठ घेतलं.

मी बेलेंचा, शहरातला जावई.
पाट्या उचलायला चालतो,
इंजिनाला हात लावायची परवानगी नाही.
साडेपाच घोड्यांचं इंजिन,
त्यातला अर्धा घोडा कुठला, कोण जाणे.
रात्री दोनला ओढ्यात पाणी भरतं.
असाईच्या बावीस पाट्या उजाडायच्या आत
बाजारात पोचल्या नाहीत तर फळ आंबतं.
आणि नेमकं त्याच रात्री
खोकलं, खोकलं, गप्प झालं.

मी दोरी ओढतोय, खांदा निखळायला आलेला.
‘पुरे. पेट्रोलमध्ये बुडवलंस त्याला.’
देउझारिनाबाईंनी टोपी उपसली, पाना लावला,
प्लग विजेरीपाशी धरला.
काळा, ओला.
‘चोक ओढून ठेवतोस. बघ, केली ह्यानं चहाडी.
पांढराफटक असता तर समजायचं, उपाशी धावतोय.
भाजल्या मॅन्डिओकाच्या पिठासारखा तांबूस आला
की आत सगळं बरं चाललंय.’
पोटात एक, ओठात एक
ही सोय माणसांना. इंजिनाला नाही.

तारेच्या ब्रशनं काजळी काढली.
चिनीमातीवर नख फिरवलं, तडा नव्हता.
मग दुधाच्या डब्यातून करवतीच्या पात्याचा तुकडा,
सासऱ्यांचा, वाल्देनीरचा,
त्या दोन टोकांमधून सरकवला.
अडकला. टोक किंचित उचललं.
पुन्हा. आता अंग घासून गेला.
‘एवढंच अंतर. कमी नको, जास्त नको.’

‘विजेरी विझव.’
भोकापासून लांब, तिथे पेट्रोलची वाफ,
प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला.
‘ओढ.’

निळी. तांदळाच्या दाण्याएवढी.
‘ओढ.’
तेवढ्यात त्यांची हनुवटी दिसली, गेली.
‘ओढ.’
म्हटलं, ठिणगी येतेय की चांगली.
‘ओढ म्हटलं ना.’
सात वेळा ओढली असेल, की आठ.
खाली पाणी खांबांना चाटून परत चाललेलं,
हे दोघांनाही ऐकू येत होतं.

मग प्लग माझ्या तळहातावर ठेवला.
‘आधी बोटांनी फिरव. पान्याला शेवटचा पाव वळसा.
जोर दाखवशील तर आटे जातील.’

पहिल्या ओढीला सुरू झालं.
पण ओढा निम्मा उतरला होता,
वळणापर्यंत होडी चिखलातून ढकलावी लागली.
बाजारात पोचलो तेव्हा भाव पडलेला.
त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत.
परतताना मागे मला बसवलं,
स्वतः रिकाम्या पाट्यांना टेकून झोपल्या.