गाळ, पेंड, राख

पूर ओसरला तेव्हा तळमजल्यात वीतभर गाळ राहिला.
महापालिकेची माणसं तो खराट्यानं गटारात लोटत होती,
मी चार घमेली मागून घेतली.
"काकी, यात मगर बसली होती," एक पोरगा म्हणाला.
म्हटलं, मग तर दे.

आठ दिवस वाळवला. पोह्यांच्या चाळणीनं चाळला.
(ती आता पोह्यांची नाही.)
विश्वामित्रीनं काय काय आणलं होतं:
काचेचं बटण, चिंचोके, एक दुधाचा दात.
दात वेगळा ठेवला. कुणाचा तरी असेल.

मग मिश्रण.
गाळ दोन घमेली, नारळाच्या शेंड्यांचा भुसा एक.
शेणखत हातात घेऊन हुंगायचं,
शेणाचा वास आला तर थांबायचं,
माठाचा आला की झालं.
खंडेराव मार्केटातून आणलेली एरंडीची पेंड,
ही मांजरापासून लपवून.
हुमणीसाठी तंबाखूची भुकटी, चिमूटभर.
आंबट ताक, गूळपाणी, केळीची सालं
आणि चुलीची राख,
जी आता फक्त पापडवाल्या उषाबेनकडे मिळते.

तेवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
मी दुसऱ्यांच्या मापानं ओतत आले.
ब्युरेट, पिपेट,
पाण्याची वाकडी रेघ डोळ्यांच्या पातळीत.
गच्चीवर माप म्हणजे
नखात किती अडकलं ते.

लावले होते टोमॅटो.
वर आलं ते हे.
पाखरांना टाकलेल्या दाण्यातून असेल;
त्या पाकिटात बाजरी होती, राळं होतं,
आणि एक करडा, ठिपक्यांचा दाणा
ज्याचं नाव दुकानदारालाही ठाऊक नव्हतं.
आधी दोन साधी पानं, सभ्य.
मग कात्रीनं कातरल्यासारखी
एक बोट, तीन बोटं, पाच, सात.
टोमॅटो त्याच्या सावलीत पिवळे पडले
आणि हे कमरेला आलं, खांद्याला आलं,
पंगतीत न बोलावता बसलं
आणि वर जिलबी मागितली.

प्रफुल्लभाई लेंगा वाळत घालायला आले.
नशाबंदी खात्यातून निवृत्त.
थबकले. चष्मा काढला, पुसला, लावला.
"मजुमदारबेन, आ तो भांगनो छोड छे."
मी टोपली खाली ठेवली.
"एकतीस वर्षं हे उपटत फिरलो," ते म्हणाले,
"शेताच्या कडेला, तुरीच्या आडोशाला.
एवढं धट्टंकट्टं कधी पाहिलं नाही."
लेंग्याचं पाणी त्यांच्या चपलेवर टपकत राहिलं.
मग आवाज खाली आणून:
"खत काय घातलं?"

मी सांगितलं.
त्यांनी विजेच्या बिलामागं लिहून घेतलं,
गाळ, पेंड, ताक, राख.
मगरीचं लिहिलं नाही.

उपटायला दोघं लागलो.
सुटेना.
कुंडी फोडली तेव्हा आत दुसरी कुंडी होती,
नुसत्या मुळांची,
उलट्या घातलेल्या स्वेटरसारखी पांढरी, दाट.
प्रफुल्लभाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.
सरकारी कामात कधी मुळं बघायला मिळाली नसतील,
वरचं जाळायचं, खालचं कोण मोजतो.

बारीक तुकडे केले.
ड्रममध्ये एक थर ते, एक थर सालं, एक थर वाळका पाला.
झाकणावर वीट.
हाताला रात्रभर वास राहिला, डिंकाचा, थोडा लिंबाचा.
साबणानं गेला नाही.
मीही फार घासलं नाही.

चैत्रात झाकण उघडलं.
काळं, भुसभुशीत, माठाच्या वासाचं.
यातलं केळं कुठलं, गुन्हा कुठला,
चाळणीलाही सांगता येईना.
प्रफुल्लभाई डालडाचा जुना डबा घेऊन उभे होते,
सरयूबेनच्या मोगऱ्यासाठी दोन मुठी.
तीन दिल्या.

दात अजून खिडकीत आहे.
तो मी मातीत घातलेला नाही.