नऊ हजार, जेवणासकट

उद्यमबागेत मी ओतकामाला आहे.
दिवसाचे आठ तास वितळलेलं लोखंड
साच्यात सोडतो,
भुवया दोनदा जळून परत आल्यात.
आणि घरी, वडगावच्या परसात,
दोन काटक्यांतून एक ठिणगी निघेना.

जाहिरात खानापूर रोडच्या चहाटपरीला चिकटवलेली.
जंगलात जगायला शिका. तीन दिवस, दोन रात्री,
जांबोटीच्या पुढे. नऊ हजार, जेवणासकट.
ते जेवणासकट मला खटकलं.
जगायला शिकवणार, आणि वर भातही वाढणार?
नऊ हजारांत गाडीचे दोन्ही टायर येतात,
वर पैसे उरतात.

म्हणून मग स्वतःच.
मोबाईलवर फिनलंडचा एक माणूस बघितला.
त्याची झाडं आमच्याकडं नाहीत.
साग घेतला, मग पांगारा,
मग शेवग्याची वाळलेली फांदी.
तळहाताला फोड, फोडावर फोड.
धनुकलीला दोरी आईच्या मागाची, सुती, तीनपदरी.
तेराव्या दिवशी तुटली.

"काय करुलालास रे? काड्याची पेटी संपली काय?"
आईनं दोन्ही टोकं माझ्या हातातून घेतली,
गल्लीतल्या कुणाशी तरी बोलत बोलत
बोटांनी काहीतरी केलं
आणि दोरी अखंड.
म्हटलं, परत कर. हळू.
हळू करायला गेली तर तिला ती जमेना.

ऑक्टोबरात एकटाच गेलो.
मारुती गुरवच्या काजूच्या बागेत, रानाला लागून.
ताडपत्री बांधली, तिनं दीड वाजता मान टाकली.
पाऊस नव्हता, नुसतं दव,
तरी मोज्यांपर्यंत भिजलो.
खाली ओढ्याकडं काहीतरी मोठं
नाकानं माती फुंकत होतं.
अस्वल असेल. नसेलही.
रात्र किती लांब असते
हे व्हिडिओत कापून टाकलेलं असतं.

सकाळी एसटीत बसून
मी त्या जाहिरातीवरचा नंबर लावला.

शिकवणारा लुमाण्णा घाडी, रिटायर हवालदार,
गुडघ्याला पट्टा, खिशात तपकीर.
बरोबर बेंगळूरची नऊ पोरं, हुबळीचं एक जोडपं, आणि मी.
प्रत्येक गोष्ट तो तीनदा सांगायचा:
कन्नडात लांब, हिंदीत निम्मी,
मराठीत फक्त, "बघा."

"स्वतः शिकून कोण आलंय?"
मी हात अर्धा वर केला.
तो माझ्या धनुकलीकडं बघत राहिला,
मग म्हणाला, "जोर कमी कर. भट्टी नव्हे ही."

अकराव्या मिनिटाला धूर.
मग बारीक, लाल, मोहरीएवढं काहीतरी,
जे मी फुंकायलाही घाबरलो.

मला आनंद व्हायला पाहिजे होता.
राग आला.
चार महिने मी हे एवढं एकच वाक्य शोधत होतो.
शेजारच्या पोराला त्यानं तेच सांगितलं,
कन्नडात, लांब.
पोरानं मान डोलावली, आणि काटकी मोडली.

दुपारी त्याला विचारलं, तुम्ही कुठं शिकलात?
म्हणाला, "शिकलो कुठं? हुकूम होता."
आणि तपकीर ओढून शिंकला,
तीन वेळा.

संध्याकाळी छप्पर ताणताना दोरी तुटली.
मी हुबळीच्या माणसाशी फौंड्रीच्या पगाराबद्दल बोलत होतो;
बोलत बोलतच टोकं जोडली, ओढलं, बसली.
हवालदार लंगडत जवळ आला.
गाठीवर अंगठा फिरवला.
"ही आमच्यात नव्हती. कुणी दाखवली?
परत कर बघू. हळू."

मी हळू करायला गेलो.
दोन टोकं दोन हातांत राहिली.

मागं आचारी लायटरनं चूल पेटवत होता.
भाताचं पाणी अजून थंड होतं.